एक महिना, दहा गाणी

(अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे एकच काम मांडणार आहे. काम लहान आहे, परंतु ते मुदतीत झाले पाहिजे. १४ मार्चला आरंभ करावा आणि १४ एप्रिलच्या सकाळी ते संपलेले असावे. ह्या एका महिन्यात आपल्या वस्तीतील दहा गाणी आपल्याच घरात, आपल्याच हातांनी ध्वनिमुद्रित करावयाची आणि जयंतीच्या दिवशी त्यांचा संग्रह वस्तीला ऐकवावयाचा. यासाठी वर्गणीची गरज नाही, पुढाऱ्याच्या शिफारशीची तर मुळीच नाही. ज्याच्या खिशात मोबाईल आहे, त्याच्याजवळ निम्मी सामग्री आजच आहे. उरलेली निम्मी सामग्री म्हणजे निश्चय.

गाण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, आपल्या चळवळीचा पुष्कळसा इतिहास कागदावर आलेलाच नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत महाडचा आणि काळारामाचा लढा वर्तमानपत्राने पोहोचविला नाही. तो जलशांनी पोहोचविला. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर ढोलकी घेऊन गावोगाव हिंडले. पुढे वामनदादा कर्डकांनी तीच वाट आयुष्यभर चालविली. आणि जेथे शाहीरही पोहोचला नाही, तेथे जात्यावर बसलेल्या बाईने ओवी रचली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली मुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरील ओव्या त्याच संग्रहात आहेत. ते काम परक्यांनी येऊन केले, म्हणून त्या ओव्या वाचल्या. आपल्या वस्तीत कोणी आले नाही, म्हणून आपल्या ओव्या बुडू द्यावयाच्या काय?

हिशेब साधा आहे. १९५६ सालच्या ऑक्टोबरात जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहे. त्या काळची गाणी जिने आईच्या तोंडून ऐकली, ती पिढी आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. पुस्तक जळाले तर दुसरी प्रत मिळू शकते. म्हातारी गेली की तिच्याबरोबर गेलेली ओवी कोणत्याही ग्रंथालयात सापडावयाची नाही.

ह्या जिल्ह्यात गाणे ही किरकोळ वस्तू नाही, हे तुम्हांला मी सांगण्याची गरज नाही. २०१५ सालच्या मे महिन्यात शिर्डी येथे एका दलित तरुणाची हत्या झाली. त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून वाद उपस्थित झाला आणि त्यातून हा प्रकार घडला, असे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. खिशातल्या यंत्रातून निघालेले काही क्षणांचे गाणे ज्यांना सहन होत नाही, त्यांना त्या गाण्याची ताकद आपल्यापेक्षा अधिक कळली आहे, असेच म्हणावे लागेल. मग ज्याची ताकद शत्रूला कळते, ते आपण निष्काळजीपणाने हरवू देणे शोभत नाही.

आता मुदतीविषयी बोलतो. महिनाभराचीच मुदत का? सवड मिळेल तेव्हा करू, असे आपण म्हणतो; आणि ती सवड कधीच मिळत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. अमेरिकेत पोर्ट्‌स्मथ नावाच्या गावातील एका वर्तमानपत्राने २००६ साली हौशी गायक-वादकांना असे आव्हान दिले की, फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांत दहा गाणी किंवा पस्तीस मिनिटांचे नवे संगीत घरच्या घरी मुद्रित करून दाखवा. त्याला आरपीएम चॅलेंज म्हणतात. त्यात बक्षीस हे मुख्य नाही. ठरल्या दिवशी पुरे करणे हेच मुख्य. तारीख ठरली की माणूस उत्तम साधनांची वाट पाहत बसत नाही, हाताशी असलेल्या साधनांनी कामाला लागतो. आपणांस तर ही तारीख कोणी नेमून देण्याची गरजच नाही. चवदार तळ्याचा २० मार्च, जोतीरावांच्या जयंतीचा ११ एप्रिल आणि भीमजयंतीचा १४ एप्रिल हे तीन टप्पे आपल्या पंचांगात आधीच आहेत.

परंतु तारीख ठरविताना आपल्या लोकांचे जीवन ध्यानात घेतले पाहिजे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. जिला सर्वांत जास्त गाणी येतात ती बाई कदाचित त्या महिन्यात प्रवरेच्या किंवा गोदावरीच्या काठी एखाद्या कारखान्याच्या फडात असेल. तेव्हा तिच्यासाठी शेवटचा आठवडा राखून ठेवा, अथवा एका संध्याकाळी तुम्हीच तिच्या कोपीवर जा. दिवस उजाडण्यापूर्वी कोयता हाती घेतलेल्या बाईला रात्री तासभर बसवून ठेवू नका. एक गाणे घ्या, पाणी द्या आणि परत या. मार्चमध्ये दहावीची परीक्षाही असते. परीक्षा देणाऱ्या मुलाकडून काम घेऊ नका. गाणे महत्त्वाचे आहे, परंतु आपल्या घरातील पहिले मॅट्रिकचे प्रमाणपत्र त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

कामाची वाटणी अशी करावी. पहिल्या आठवड्यात, २० मार्चपर्यंत, यंत्राला हातही लावू नका. घरोघर जा, ऐका आणि वहीत लिहा: गाण्याचे पहिले शब्द, गाणाऱ्याचे नाव, गाव, ते गाणे कोणाकडून शिकले आणि कोणी रचले. वीस गाणी लिहिलीत तर त्यांतून दहा निघतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात मुद्रण करा. एका बैठकीत दोनच गाणी घ्यावीत. चौथ्या आठवड्यात निवड, क्रम आणि प्रती. ११ एप्रिलनंतर नवे काहीही मुद्रित करावयाचे नाही. सातच गाणी झाली तर सातच द्या. मुदत पाळण्यासाठी संख्या कमी करावी, काळजी कमी करू नये.

आता यंत्राविषयी. पुष्कळांना वाटते की, शहरातील स्टुडिओ नसेल तर गाणे नीट उतरत नाही. ग्रामोफोनच्या आरंभीच्या काळात, १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत, सारे गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाचा तोल जवळ-दूर उभे राहूनच साधत. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे. ते शास्त्र आजही खोटे झालेले नाही. मोबाईल गाणाऱ्याच्या तोंडापासून दोन-तीन वितींवर, थोडा बाजूला ठेवा. ढोलकी सहा-सात फूट मागे बसवा. जवळ बसविलीत तर शब्द बुडतील, आणि आपल्या गाण्यात शब्द हाच प्राण आहे. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. त्यासाठी भिंतीला दोरी बांधून गोधड्या आणि वाकळा टांगा, खाली सतरंजी अंथरा. पंखा बंद करा. पत्रा तापण्यापूर्वी, पहाटे, किंवा जेवणे आटोपल्यावर रात्री बसा. दुपारी बसू नका. मोबाईल विमान-स्थितीत ठेवा, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येणार नाही. प्रथम गाण्यातील सर्वांत चढा भाग गाऊन घ्या आणि तो फाटलेला ऐकू आला तर यंत्र आणखी दूर सारा. एकदा फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही.

मूळ मुद्रण शक्य तर वेव्ह ह्या पूर्ण स्वरूपात ठेवा. एकेरी ध्वनीला मिनिटास पाच एमबीच्या आसपास जागा लागते. पस्तीस मिनिटांना सुमारे १८५ एमबी. म्हणजे प्रत्येक गाणे तीनदा गाऊन घेतले तरी सारा संग्रह एका स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये मावतो. प्रती तीन करा: एक मोबाईलमध्ये, एक पेन ड्राइव्हमध्ये, आणि एक दुसऱ्या गावातील विश्वासू माणसाजवळ. एकाच घरातील तीन प्रती ही एकच प्रत समजावी.

आता हक्काचा प्रश्न. ह्या पाक्षिकाच्या वाचकांना तो टाळता येणार नाही. आपल्या कवींनी गाणी लिहिली आणि दुसऱ्यांनी ती विकली, हे आपण कॅसेटच्या जमान्यात पाहिले आहे. अनेक वेष्टनांवर गायकाचा फोटो होता, कवीचे नाव नव्हते. तोच अन्याय आपण आपल्या घरात करू नये. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा २००४ साली वारले. म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा ज्ञात कवीचे गाणे संग्रहात घ्यावयाचे तर त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी मागावी, आणि मुदतीत ती मिळाली नाही तर ते गाणे बाजूला ठेवावे. घाई हे परवानगी न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांनी धरण बांधणाऱ्या मजूर बाईचे गीत लिहिले आणि ते सभासंमेलनांतून गायिले जाते. असे गाणे लोकांच्या तोंडी बसले, हा कवीचा गौरव आहे. पण म्हणून त्याचे नाव गळणे हा गौरव नव्हे.

गाणाऱ्याचाही हक्क असतो, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. आपले गायन मुद्रित करू द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने गाणाऱ्याला दिला आहे आणि तो हक्क पन्नास वर्षे टिकतो. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी आजीला स्पष्ट सांगा: “आजी, हे गाणे जयंतीला लावू. लोकांच्या मोबाईलवरही जाईल. चालेल का?” ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर चार ओळींच्या कागदावर सही किंवा अंगठा घ्या आणि त्याची एक प्रत तिच्या हाती द्या. आयुष्यात अनेकदा तिचा अंगठा तिला न समजलेल्या कागदावर घेतला गेला असेल. हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या मते ह्या सबंध उपक्रमातील सर्वांत मोठे काम हेच आहे.

एक आक्षेप राहतो. जयंतीच्या मिरवणुकीत मोठमोठे कर्णे लागतात. त्यांच्यापुढे म्हातारीचा कापरा आवाज कोण ऐकणार? मी म्हणतो, मिरवणुकीत तो लावूच नका. सकाळी, वंदना झाल्यावर, लोक शांत बसलेले असतात, तेव्हा लावा. प्रत्येक गाण्याआधी गाणाऱ्याचे, कवीचे आणि गावाचे नाव वाचा. गाणारी जिवंत असेल तर तिला पुढे बसवा. नातवंडांनी तिला स्वयंपाकघरात पाहिले आहे, शेतात पाहिले आहे. आपल्या चळवळीची इतिहासकार म्हणून एकदा पाहू द्या.

चौदा तालुक्यांचा हा जिल्हा आहे. प्रत्येक तालुक्यातील एका वस्तीने जरी हे काम केले, तरी एका महिन्यात एकशे चाळीस गाणी वाचतील. कोणाची वाट पाहू नका. उद्या एक वही विकत घ्या आणि वस्तीतील सर्वांत वडील बाईच्या दारात जाऊन बसा. ती प्रथम म्हणेल, “मला काही येत नाही.” तेथून उठू नका.

जय भीम!