कुंभकोणमचा वकील आणि आपला झुंजार



थोडक्यात आटोपतो. बाहेर डिग्री कॉफीची तयारी चालली आहे, आणि या गावात कॉफी निवेपर्यंत बोलणाऱ्याला कुणी माफ करत नाही.

कुंभकोणमला आलेला मराठी वक्ता बहुतेक वेळा तंजावरच्या भोसल्यांपासून सुरुवात करतो आणि इथेच १८२८ साली जन्मलेल्या टी. माधवरावांवर येऊन थांबतो. त्रावणकोर, इंदूर, बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला माणूस. अभिमान वाटायलाच हवा. पण मी आज बोलणार आहे खून, फसवणूक आणि वेषांतर यांनी भरलेल्या कादंबऱ्यांवर. त्यातही मुख्यतः एका तमिळ लेखकावर, ज्याने या गावच्या वकिलालाच खलनायक केलं.

वडुवूर के. दुरैस्वामी अय्यंगार (१८८०–१९४२). वडुवूर हे मन्नारगुडीजवळचं गाव, म्हणजे याच कावेरीच्या खोऱ्यातलं. त्यांच्या कादंबरीचं नाव ‘कुंभकोणम वकील’, दुसरं नाव ‘दिगंबर सामियार’. सट्टनाथ पिळ्ळै हा इथला बडा वकील, वरून प्रतिष्ठित आणि आतून पक्का बदमाश. त्याची लफडी बाहेर काढतो तो एक साधू. १९५० साली मॉडर्न थिएटर्सने त्यावर चित्रपट काढला. एम. एन. नंबियार यांनी त्यात अकरा वेषांतरं केली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्याआधी १९३५ मध्ये अय्यंगारांच्याच ‘मेनका’वर राजा सँडो यांनी चित्रपट केला होता.

आता खलनायक वकीलच का? या मुलखात पाणी आहे, भात आहे, देवळांच्या आणि मठांच्या जमिनी आहेत. जिथे जमीन इतकी कसदार, तिथे वाटण्या, दत्तकपत्रं, कुळांचे वाद आणि वर्षानुवर्षं चालणारे दावे आलेच. गावाची गुपितं कुणाच्या कपाटात असतात? वकिलाच्या. अय्यंगारांनी हे अचूक हेरलं. त्यांच्या कथानकांवर इंग्रज लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सची दाट छाया आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण लंडनच्या गल्ल्यांतला बदमाश उचलून कुंभकोणमच्या कोर्टात उभा करणं, त्याला इथलं गाव आणि इथली जात-पात देणं, हे काम उसनं नाही.

आपणही याच रेनॉल्ड्सच्या पंगतीला बसलो होतो. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) त्याच्याच कादंबरीवर बेतलेली. हरिभाऊ तिथून सामाजिक कादंबरीकडे वळले, थोर झाले, आणि रहस्याची पाटी आपण वेगळ्या रांगेत लावली. त्या रांगेत पुढे बाबूराव अर्नाळकर उभे राहिले. हजाराहून अधिक पुस्तकं. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांवर उड्या पडत आणि समीक्षेत त्यांचं नाव क्वचित निघे. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांकडे बॅरिस्टर अमर विश्वास आहे. म्हणजे वकील आपल्याकडेही आहे, पण नायक म्हणून! पुण्यामुंबईच्या वाचकाला कोर्टातला माणूस तारणहार वाटला, कावेरीकाठच्या वाचकाला संशयित. हा फरक मला फार बोलका वाटतो.

माझा खरा आक्षेप मात्र आपल्या डिटेक्टिव्हवर आहे. तो चुकत नाही. झुंजार देखणा, धाडसी, चतुर. तो हरणार नाही हे पहिल्या पानावरच ठाऊक. शेरलॉक होम्सचा दरारा आपण फार मनावर घेतला. तमिळमध्ये मात्र याच्या अगदी उलटा नमुना आहे.

इथून काही मैलांवर तिरुविडैमरुदूरला १९१३ साली आर. महादेवन जन्मले. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिकले, मद्रासला जाऊन ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात रुजू झाले आणि ‘देवन’ या नावाने लिहू लागले. त्यांचा ‘तुप्परियुम सांबू’ म्हणजे डिटेक्टिव्ह सांबू हा बँकेतला मठ्ठ कारकून, नाकाने मात्र भरभक्कम. तो काहीतरी भलतंच करून बसतो, त्यातून गुन्हेगार सापडतो आणि लोक त्याच्या बुद्धीपुढे हात जोडतात. सांबूला स्वतःला पत्ता नसतो की आपण नेमकं काय केलं. तंजावरात जन्मलेल्या आणि कुंभकोणमच्याच कलाशाळेत शिकलेल्या गोपुलूंनी त्याची चित्रं काढली. देवन गेले १९५७ साली, पण सांबू तमिळ घरांत आजही ओळखीचा आहे. आणि हेच देवन ‘जस्टिस जगन्नाथन’ लिहितात तेव्हा एका खुनाच्या खटल्याची सुनावणी अशी गंभीरपणे मांडतात की कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावी.

होम्सची टिंगल आणि कोर्टाचा आदर एकाच लेखणीतून. मराठीत हुशार गुप्तहेर पुष्कळ, पण मालिकेच्या मालिका पेलणारा असा भोळसट गुप्तहेर माझ्या तरी वाचनात नाही. चिमणरावासारखा विनोदी नायक घडवणाऱ्या भाषेला हे जड नव्हतं. रहस्यकथा आणि विनोद यांची कपाटं आपण वेगळी ठेवली, एवढंच.

भाषांतराने काय साधतं तेही पाहा. २००८ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने तमिळ पल्प कथांचा इंग्रजी संग्रह काढला. राजेश कुमार, सुभा, शेजारच्याच पट्टुकोट्टैचे प्रभाकर, अशी स्टेशनवरच्या स्टॉलवर विकली जाणारी नावं एकदम गंभीर वाचकांच्या टेबलावर आली. भाषांतरकार प्रीतम चक्रवर्ती यांचं त्यात मोठं श्रेय.

माझी मागणी साधी आहे. या सभागृहात तंजावरी मराठी घरात बोलणारे आणि बाहेर तमिळ वाचणारे लोक बसले आहेत. सांबू मराठीत आणायला याहून योग्य माणसं पुण्यात शोधून मिळायची नाहीत. ‘कुंभकोणम वकील’ लांबलचक आहे, त्याच्या वाटेला नंतर जाऊ. सांबूच्या दोन-तीन गोष्टींपासून सुरुवात करा. भाषा पुणेरी करू नका. तुमच्या घरात जशी बोलली जाते तशीच ठेवा, अडेल तिथे पुण्याचा वाचक विचारून घेईल. लेखनाचे हक्क खुले आहेत का ते आधी तपासा, आणि मानधनाचं काय ते कार्यकारिणीने कॉफीच्या आधीच ठरवावं, कारण नंतर कोणी थांबत नाही.