हसायचंच असेल तर वर बघून हसा



या साहित्य संमेलनातला आज दुपारचा 'पाट्यांच्या गमती' हा पडद्यावरचा कार्यक्रम मी रद्द करायला लावला. संयोजकांपैकी काहीजण त्यावरून नाराज आहेत. अध्यक्षांना विनोदाचं वावडं आहे, असं मागे कुजबुजण्यापेक्षा कारण समोरासमोर ऐका.

त्या कार्यक्रमातल्या छायाचित्रांत होत्या हातगाड्या आणि त्यांवरच्या पाट्या. 'चायनिच', 'मनचुरन', 'सेजवान राइज'. एका चित्रात तर गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्याला कुणी विचारलं होतं का?

पाटी वाचून ओठावर हसू येतं, ते येऊ दे. पण त्या हसण्याचा तिकीट लावून कार्यक्रम करायचा, आणि तोही साहित्याच्या मांडवात, याला माझा विरोध आहे.

आणि 'शुद्ध' मंचुरियन तुम्ही आणणार कुठून? ते चीनमधून आलेलंच नाही. त्याचं श्रेय जातं नेल्सन वँग यांना. कोलकात्यात जन्मलेले हे चिनी वंशाचे आचारी. 1975च्या सुमारास मुंबईत, चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. शेजवानचंही तेच: चीनच्या सिच्वान प्रांतातली जीभ बधिर करणारी मिरी आपल्या शेजवान चटणीत सहसा नसतेच. जो पदार्थच इथे घडला, त्याचं नाव तो रोज रांधणाऱ्याने कसं लिहावं, हे ठरवणारे आपण कोण?

साहेबाने आपल्या पदार्थांचं काय केलं ते आठवा. खिचडीत मासा आणि अंडं घालून तिची 'केजरी' केली. तमिळ मिरीच्या पाण्याचं 'मलिगटॉनी' सूप केलं. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा शोकाचा पुकारा गोऱ्या शिपायांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला, आणि 1886 साली तेच एका जाडजूड शब्दकोशाचं नाव झालं. तो कोश आपले विद्वान आजही आदराने उघडतात. सत्ताधाऱ्याने चुकीचं ऐकलं की त्याचा ग्रंथ होतो, आणि गाडीवाल्याने चुकीचं लिहिलं की त्याची चेष्टा होते. हा न्याय मला मान्य नाही.

दुकानांवर मराठी पाट्या लागाव्यात म्हणून 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. व्यापाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. गाडीवाल्यावर कुणी सक्ती केली नव्हती. परक्या पदार्थांची नावं त्याने आपणहून देवनागरीत उतरवली, कारण त्याचं गिऱ्हाईक देवनागरी वाचतं. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी त्याला हसावं?

पाटीवरच्या चुकीने कुणी दुखावत नाही; माणूस दुखावतो तो दुसरीकडे. त्याच गाडीवर नूडल्स परतणारा पोरगा बऱ्याचदा नेपाळचा किंवा ईशान्येकडचा असतो. त्याच्या डोळ्यांवरून, बोलण्यावरून 'चिंग-चाँग' करत हाक मारणारी सुशिक्षित मंडळी मी पाहिली आहेत. या हाकेत गंमत नाही, ही शिवी आहे. माझ्यासमोर कुणी तशी हाक मारली, तर मी त्याला तिथेच सुनावणार.

आणि चुका शोधायची एवढी हौस असेल, तर बड्या हॉटेलांत जा. गुळगुळीत कागदावर छापलेलं मेनूकार्ड असतं, छापायला पैसा असतो, तपासायला माणसं असतात. तरी आपल्याच राज्यात पुरणपोळीची 'पूरन पोली' होते आणि थालीपीठाचं 'थाली पीठ'. तिथे आपण मान खाली घालून जेवतो, वर टीपही ठेवतो. पुढच्या खेपेला तिथे गेलात की मॅनेजरला टेबलाशी बोलवा, त्या ओळीवर बोट ठेवा आणि आपला 'ळ' परत मागा. तो कार्ड बदलायचं कबूल करेपर्यंत बिल देऊ नका.