स्क्रीन काळी पडली तर



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, म्हणून अनेकांनी त्यांवर लिनक्स टाकलं. कुणी उबुंटू, कुणी मिंट, कुणी फेडोरा. वाय-फाय लागलं, मराठी टाइप होऊ लागलं. मग एक दिवस अपडेट झाल्यावर मशीन सुरू केलं, तर स्क्रीन काळी! इथे बरेच जण हात टेकतात आणि सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात. कृपा करून तसं करू नका. अपडेटनंतर स्क्रीन काळी पडली, तर पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. तुमचे फोटो, कागदपत्रं बहुधा जिथल्या तिथे असतात. आत संगणक चालू असतो, त्याला चित्र तेवढं काढता येत नसतं.

आधी आपलं ग्राफिक्स कुणाचं आहे ते पाहा. इंटेलचं असेल तर निवडण्यासारखं काही नाही. ड्रायव्हरचा एक भाग लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो, दुसरा मेसा नावाच्या मुक्त प्रकल्पातून येतो, आणि दोन्ही अपडेटबरोबर आपोआप ताजे होतात. एएमडीचंही घरगुती वापरासाठी तसंच. या कंपनीनं २००७ मध्ये आपल्या चिपची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली, त्याचं फळ आज आपण खातो आहोत. या दोघांसाठी वेबसाइटवर जाऊन ड्रायव्हर शोधत बसू नका. विंडोजची ती सवय इथे सोडायची.

प्रश्न येतो तो एनव्हिडियाचा. कंपनीनं वर्षानुवर्षं माहिती दिली नाही, तेव्हा स्वयंसेवकांनी चिपचं वागणं तपासून तपासून नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला, आणि २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. फार मोठं काम आहे ते. पण जीटीएक्स ९०० च्या पिढीपासून चिपचा वेग वाढवायला कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागू लागलं आणि नूवोचे हात बांधले गेले. म्हणून जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांच्या कार्डांवर नूवोनं स्क्रीन दिसते, पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग रखडतं. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियानं आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. मात्र तो जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांनाच चालतो.

आता उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडलं की नेमका गोंधळ होतो. यादीत ड्रायव्हरच्या आवृत्त्यांचे आकडे दिसतात, काहींच्या शेवटी ‘ओपन’ असतं, काहींच्या शेवटी ‘सर्व्हर’. सर्व्हरवाले सोडून द्या. ‘ओपन’ नाव चांगलं वाटतं म्हणून जीटीएक्स १०५० वाल्यानं ते निवडलं, तर त्याचं कार्ड चालणारच नाही. उलट आरटीएक्स ५० मालिकेला ‘ओपन’च लागतो. सगळ्यात मोठा आकडा तो उत्तम, असंही नाही. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. यादीत ज्याच्यापुढे ‘टेस्टेड’ लिहिलेलं असेल तोच घ्या. आणि कंपनीच्या वेबसाइटवरची, नावाच्या शेवटी ‘रन’ असलेली फाइल घेऊ नका. ती तुमच्या सिस्टिमच्या पॅकेज व्यवस्थेला न कळवता आत बसते आणि पुढच्या कर्नल अपडेटला घात होऊ शकतो.

एक जागा मात्र फार लोकांना अडवते. लॅपटॉपवर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय, चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना कधीकधी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळी स्क्रीन येते, त्यावर दहा सेकंद उलटे मोजले जातात. माणूस घाबरून काही करत नाही, किंवा ‘कंटिन्यू बूट’ निवडतो. संधी गेली! ड्रायव्हरवरच्या सहीची किल्ली नोंदली गेली नाही, त्यामुळे कर्नल त्या ड्रायव्हरला आत घेत नाही. त्या निळ्या स्क्रीनवर लगेच कुठलंही बटण दाबा, ‘एनरोल एमओके’ निवडा, पुढे ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, आणि तोच पासवर्ड द्या. म्हणून तो पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा.

आता काळ्या स्क्रीनकडे येऊ. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारलं, तर अर्धी लढाई जिंकलात. नाहीतर मशीन पुन्हा सुरू करा, कंपनीचं चिन्ह दिसताच एस्केप किंवा शिफ्ट दाबा, येणाऱ्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि जुना कर्नल निवडा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी वेगळा तयार व्हावा लागतो. नव्यासाठी तो झाला नसेल, तर जुन्यावर सगळं सुरळीत चालेल आणि दुखणं कुठे आहे ते कळेल. तेही जमलं नाही तर त्याच यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ-१० दाबा. स्क्रीन ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा उपाय एका वेळेपुरता आहे. काही जण तो कायमचा ठेवतात आणि मग लॅपटॉप मंद झाला म्हणून तक्रार करतात.

आत शिरलात की टर्मिनल उघडा आणि टाइप करा: एल-एस-पी-सी-आय, जागा सोडून डॅश, के. ग्राफिक्सच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. तिथे नूवो आहे, एनव्हिडिया आहे, की ती ओळच नाही? यावरून पुढची दिशा ठरते. दोन चिप असलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडियाची नोंद अनेकदा ‘थ्रीडी कंट्रोलर’ नावाखाली असते, तेव्हा ती नाही असं समजू नका. अशा कित्येक मशीनमध्ये एचडीएमआयची जोडणी एनव्हिडियाकडूनच होते. लॅपटॉपची स्क्रीन चालते पण वर्गातल्या प्रोजेक्टरवर काही येत नाही, अशी शिक्षकांची तक्रार असते, तिचं कारण बरेचदा हेच.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ पान उघडून ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय तेही बघा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर सगळी चित्रं प्रोसेसरच काढतो आहे. साधा व्हिडिओ लावला तरी पंखा घोंघावतो, तो त्यामुळे.

एवढं करूनही अडलात आणि कुणा जाणकाराला विचारायचं ठरवलंत, तर नुसतं ‘चालत नाही’ असं सांगू नका. ‘इन यूज’ची ती ओळ, कार्डाचं पूर्ण नाव, आणि ‘यूनेम’, जागा, डॅश, आर असं टाइप केल्यावर दिसणारा कर्नलचा क्रमांक एवढं लिहून पाठवा.