आडवा हात आणि हवेची उशी

मिरचीच्या हंगामात धर्माबादच्या रस्त्यावर पोत्यांनी लादलेला ट्रक अचानक समोर येतो, आपण ब्रेक दाबतो आणि शेजारच्या लेकरापुढे हात आपोआप आडवा जातो. १९५२ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात जॉन हेट्रिक यांचंही तेच झालं. अडथळा चुकवताना गाडी चारीत उतरली. मधे बसलेल्या मुलीपुढे आईबापांनी हात धरले. कुणाला इजा झाली नाही, पण हेट्रिक यांच्या डोक्यातून ते जाईना.

त्यांना नौदलातला एक प्रसंग आठवला. पाणतीराची दुरुस्ती चालू असताना दाबलेली हवा सुटली आणि वरचं कापडी आवरण फुगून थेट छताला भिडलं. त्यावरून त्यांनी गाडीसाठी हवेची उशी, म्हणजेच एअरबॅग, रेखाटली. १९५३ मध्ये पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांनाही त्याच सुमारास अशीच कल्पना सुचली होती.

घोडं अडलं वेगापाशी. दाबलेल्या हवेनं पिशवी वेळेत फुगत नसे. धडकेत डोळ्याची पापणी लवायलाही सवड नसते. धडक लगेच ओळखता यावी म्हणून ॲलन ब्रीड यांनी नळीत चुंबकानं धरलेली पोलादी गोळी ठेवली. धडक बसताच गोळी सुटते, वीज जोडली जाते. पुढे सोडियम अझाइड या रसायनापासून क्षणात नायट्रोजन वायू तयार करून पिशवी सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगू लागली. १९७३ मध्ये ती ग्राहकांच्या गाडीत आली, तोवर हेट्रिक यांच्या पेटंटची मुदत संपली होती! आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून.