विषाणूचा उसना संसार
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की नववीच्या वर्गावर मला पाठवतात. अशाच एका तासाला एका मुलाने विचारले, "सर, विषाणूला तोंड नाही, पोट नाही, मग त्याची एवढी वाढ होते कशी?" उत्तर शोधायला मला आठवडा लागला. तेच आपल्यापुढे ठेवतो.

पोलिओचा विषाणू घ्या. त्याची मालमत्ता म्हणाल तर सुमारे ७,५०० अक्षरांचा आर.एन.ए.चा धागा आणि त्यावर प्रथिनांचे कवच. प्रथिने बनविणारा कारखाना, म्हणजे रायबोसोम, त्याच्यापाशी नाही. तो आपल्या पेशीत आहे. आत शिरताना तो पेशीवरील सी.डी. १५५ हे प्रथिन धरतो. हे प्रथिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवण्याच्या कामाचे. विषाणूने त्याचीच कडी केली! उंदराचे हे प्रथिन निराळ्या घडणीचे, म्हणून त्याला सहसा पोलिओ होत नाही. १९९० मध्ये मानवी प्रथिनाचे जनुक घातलेले उंदीर मात्र पोलिओने लुळे पडले.

आतली लबाडी तर ऐकण्यासारखी आहे. आपल्या पेशीतील संदेशांच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. ई.आय.एफ. ४-जी नावाचे प्रथिन अशा संदेशाची रायबोसोमशी गाठ घालून देते. विषाणूचे कात्रीसारखे एक प्रथिन नेमके त्याचेच तुकडे करते. घरच्या संदेशांची वाट बंद! विषाणूच्या धाग्याला ही टोपी नसतेच. त्या मोडक्या प्रथिनाचा उरलेला तुकडा त्याला पुरतो.

मग औषधाने रायबोसोमच बंद पाडावेत काय? विषाणू थांबेल, पण आपल्या निरोगी पेशीही जगणार नाहीत. म्हणून लस. तिच्यामुळे शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला दाराबाहेरच गाठतात.

आमचे थोरले मामू लहानपणापासून कुबड्यांवर चालतात. त्यांच्या मज्जारज्जूतील पेशींत हा उसना संसार एकदाच मांडला गेला. मेलेल्या त्या पेशी पुन्हा उगवल्या नाहीत. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला. तरीही, नातू झाला तेव्हा डोस पाजायला त्याला केंद्रावर न्यायचे ठरले, तर मामू म्हणाले, "मी येतो." रिक्षा मिळाली नाही. ते चालत आले.