दूर मेलेल्या माणसाची घरवापसी



वसंतातल्या व्याख्यानमालेत मृतदेहावर बोलायचं म्हटल्यावर संयोजकांना थोडी धाकधूक वाटली असणार. तरीही त्यांनी विषय बदलायला सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी आयुष्यभर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना शिकवण्याखेरीज या विभागाकडे आणखी एक काम असतं. गावापासून, देशापासून दूर मेलेला माणूस घरी पोचेपर्यंत टिकला पाहिजे, यासाठी त्याच्या देहावर प्रक्रिया करायची. तिला एम्बामिंग म्हणतात. आज मी त्या कामाविषयी आणि ते करणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे माणूस गेला की घाई सुरू होते. कोण यायचं राहिलंय, किती वाजता न्यायचं, लाकडं की विद्युतदाहिनी. दिवस मावळायच्या आत उरकावं असं जुनी माणसं म्हणतात, आणि त्यामागं आपल्या हवेचं पक्कं ज्ञान आहे. उन्हाळ्यात मृत्यूनंतर बारा ते अठरा तासांत पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हिरवट डाग दिसू लागतो. मोठं आतडं तिथून सुरू होतं आणि त्यातले जंतू माणूस मेला म्हणून थांबत नाहीत. थंडीच्या दिवसांत हाच डाग दिसायला एक-दोन दिवस लागतात. सगळं गोत एका गावात राहत होतं तोवर घाई हेच शहाणपण होतं. आता मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूला आणि आई नाशिकला. किंवा नेमकं उलटं: आईबाप झारखंडच्या खेड्यात आणि मुलगा इथल्या बांधकामावर, पंधराव्या मजल्याच्या परांचीवर.

या दुसऱ्या प्रकारच्या घराविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण विमानतळावरच्या शवपेटीची बातमी होते आणि मजुराच्या पेटीची होत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत श्रीदेवी यांचं दुबईत निधन झालं, तेव्हा एम्बामिंग हा शब्द घराघरांत पोचला. तिथल्या तपासयंत्रणेनं परवानगी दिल्यावर एम्बामिंग झालं आणि मग पार्थिव मुंबईला आलं. तोवर अनेकांना वाटत होतं की ही इजिप्तच्या राजांची किंवा लेनिनची गोष्ट. आमच्या विभागाच्या दारात मात्र वर्षानुवर्षं ठेकेदाराची गाडी येऊन थांबत होती. गाडीत मागं एक देह, पुढं बसलेला भाऊ किंवा गाववाला, त्याच्या हातात पोलिसांचा कागद. तो एकच गोष्ट विचारायचा: "मॅडम, मुँह दिखेगा ना?" गावी आई आहे, तिला तोंड बघायचं आहे. या कामाचं सगळं प्रयोजन त्या प्रश्नात आहे.

आता हे काम होतं कसं, ते सांगते. ऐकायला जड जाईल, पण झाकून ठेवलेल्या कामाची किंमत कुणालाच कळत नाही.

पहिल्यांदा देह स्वच्छ धुतात. मग चेहरा नीट करतात. पापण्या मिटवायच्या, जबडा जागेवर आणायचा, ओठ जुळवायचे, मान सरळ ठेवायची, हात शरीरालगत घ्यायचे. हे सगळं आधीच करावं लागतं, कारण औषध आत गेल्यावर मांस घट्ट होतं आणि चेहरा ज्या स्थितीत असेल तसाच राहतो. मग मांडीच्या वरच्या भागात, जांघेच्या थोडं खाली छेद घेऊन मुख्य धमनी शोधायची. जिवंत माणसात ती बोटाला ठोके देऊन स्वतःची जागा सांगते, इथं तो आधार नसतो. जागा पाठ असावी लागते. धमनीत नळी बसवून औषधी द्रव सोडतात. पंप असेल तर पंपानं, नसेल तर टाकी उंचावर टांगून. पाटाचं पाणी जसं वाफ्यावाफ्यानं पुढं सरकतं, तसा तो द्रव एकेका अवयवात पोचतो. प्रौढ माणसाला आठ-दहा लिटर लागतो. हातापायांवरच्या शिरा फुगून वर येतात, कातडी ताठ लागते, तेव्हा समजायचं की तिथवर पोचला. वाटेत रक्ताच्या गुठळ्या असतील तर द्रव अडतो. मग हातपाय चोळायचे, आणि तरीही नाहीच गेला तर मानेतून किंवा काखेतून दुसरी वाट शोधायची. शेवटी छाती आणि पोटाच्या पोकळीत लांब पोकळ सुईनं औषध सोडतात, नाकातोंडात कापूस भरतात आणि छेद शिवतात.

या द्रवातला मुख्य घटक फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचं साधारण सदतीस ते चाळीस टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण. ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं, त्यामुळे जंतूंना खाण्यासारखं काही उरत नाही आणि जंतूही मरतात. सोबत कातडी सुकू नये म्हणून ग्लिसरीन, बुरशीसाठी फिनॉल, द्रव आत मुरावा म्हणून स्पिरिट आणि थोडा रंग यावा म्हणून इओसिन. विद्यार्थ्यांसाठी ठेवायचा देह वर्षभर आणि त्याहून जास्त टिकवायचा असतो, म्हणून त्यात फॉर्मॅलिन कडक. प्रवासाला निघालेल्या देहासाठी ते बेतानं वापरायचं. आईला मुलाचा चेहरा ओळखू यायला हवा, दगडासारखा झालेला चालणार नाही. हे प्रमाण पुस्तकात मिळतं, पण समोरच्या देहाचं वय, जाडी, आजार, मृत्यूला झालेले तास पाहून ते बदलावं लागतं, आणि ती नजर हातानं काम केल्याशिवाय येत नाही.

शवविच्छेदन झालेला देह आला की काम कितीतरी पटींनी वाढतं. आतले अवयव बाहेर काढलेले, मुख्य रक्तवाहिन्या तुटलेल्या. एका जागेवरून सगळीकडे द्रव जाणार कसा? मग दोन्ही हात, दोन्ही पाय, मानेच्या दोन्ही बाजू, अशा सहा ठिकाणी स्वतंत्र नळी लावायची. अपघातात गेलेले मजूर आणि ट्रकचालक जवळजवळ सगळे असेच येतात, कारण अपघाती मृत्यूत शवविच्छेदन होतंच. म्हणजे सगळ्यात अवघड काम ज्यांच्यासाठी करायचं, त्यांच्याकडे द्यायला पैसा सगळ्यात कमी.

आज ही पद्धत जशी रुळली आहे, तिचं मूळ अमेरिकेतल्या यादवी युद्धात आहे. धमन्यांतून द्रव भरून देह टिकवण्याचं तंत्र युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी आधीच बसवलं होतं. अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम हंटर यांनी ते सविस्तर मांडलं. १८६१ साली युद्ध पेटलं, उत्तरेकडची हजारो मुलं दक्षिणेत मरू लागली आणि घरचे देह मागू लागले. थॉमस होम्स नावाच्या माणसानं या कामात नाव कमावलं. पाठोपाठ रणांगणाजवळ तंबू ठोकून बसणाऱ्यांची गर्दी झाली. त्यात जाणकार होते तसे लुबाडणारेही होते. तक्रारी इतक्या वाढल्या की १८६५ च्या मार्चमध्ये सैन्यानं या कामाला परवाना सक्तीचा केला. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली. त्यांचा देह एम्बामिंग करून वॉशिंग्टनहून त्यांच्या स्प्रिंगफील्ड या गावापर्यंत आगगाडीनं, जागोजाग दर्शनाला थांबत, नेला गेला. लाखो लोकांनी ते पाहिलं आणि तिथल्या समाजाला ही पद्धत मान्य झाली. पुढं तिचा तिथं मोठा व्यवसाय झाला. तो इतका फुगला की १९६३ साली जेसिका मिटफर्ड यांनी त्यावर झणझणीत पुस्तक लिहिलं आणि १९८४ पासून दरपत्रक दाखवणं तिथं कायद्यानं बंधनकारक झालं. प्रत्येक मृताचं एम्बामिंग करायची अमेरिकी रीत आपल्याला नको. तिची आपल्याला गरज नाही. पण शोकात बुडालेल्या माणसाला फसवणं फार सोपं असतं आणि म्हणून या कामावर देखरेख हवी, हे त्यांना १८६५ मध्ये कळलं, ते आपण जरूर घ्यावं.

देखरेखीचं आणखी एक कारण आहे. पूर्वी या द्रवात सोमल, म्हणजे आर्सेनिक असायचं. त्यामुळे सोमल घालून मारलेल्या माणसाचा खून पचण्याची सोय झाली. देहात सापडलेलं विष खुन्याचं की एम्बामिंगचं, हे सांगणार कोण? म्हणून ते बंद झालं. फॉर्मॅलिनही कित्येक विषांच्या तपासणीत अडथळा आणतं. मृत्यूबद्दल जराही शंका असेल तर आधी पंचनामा, शवविच्छेदन, मगच एम्बामिंग. पोलिसांचा ना-हरकत दाखला मागतात तो छळ करण्यासाठी नव्हे. नातेवाईक ओरडतात, वरून फोन येतात, तरी त्या कागदाशिवाय मी नळी लावू दिली नाही आणि माझ्या जागी बसणाऱ्या कुणीही लावू देऊ नये.

आता माणसांकडे वळते. दाखल्यावर सही प्राध्यापकाची असते. प्रत्यक्षात देह उचलतात, धुतात, धमनी शोधतात ते विभागातले मामा, म्हणजे परिचर. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले जे कुणी इथं बसले असतील त्यांना मी कुणाबद्दल बोलते ते लगेच कळेल. नव्या अधिव्याख्यात्याला मांडीतली धमनी पहिल्या झटक्यात सापडत नाही, तेव्हा मागून हळूच "मॅडम, जरा आतल्या अंगाला" असं सांगणारे ते. मीही त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्या कामाला घरी नाव नसतं. पोरीच्या स्थळासाठी पाहुणे आले की "दवाखान्यात आहे" एवढंच सांगतात. मर्तिकाचे विधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचेच जातभाई कसे लांब ठेवतात, ते प्रेमानंद गज्वी यांच्या 'किरवंत' नाटकानं आपल्याला दाखवलं. मृताला हात लावणाऱ्याला दूर ठेवायची ही सवय शवागारात आणखी खालच्या पायरीवर चालू राहते, कारण तिथं बहुतेक वेळा ज्यांना पूर्वीपासून ही कामं करायला भाग पाडलं, त्याच समाजांतली माणसं उभी असतात. त्यांच्यातले कितीतरी जण दारूच्या आधारानं उभे राहतात. त्यांना नावं ठेवण्याआधी आपण त्यांना काय दिलं, ते पाहू.

फॉर्मॅलिनच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी येतं, घसा जळतो, कातडी तडकते. हे नुसतं त्रासदायक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तरीही कोपऱ्यातला बंद पडलेला पंखा आणि फाटलेले हातमोजे हे दृश्य मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं कोविडच्या मृतदेहांचं एम्बामिंग करू नये अशी सूचना काढली, तेव्हा संसर्गाचा विचार सगळ्यांच्या डोक्यात आला. पण कावीळ, क्षय, एचआयव्ही असलेले देह त्याआधीही येत होते आणि आजही येतात.

श्रोत्यांपैकी कुणावर वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून काही गोष्टी सांगते. मुलगा परदेशातून एक-दोन दिवसांत पोचणार असेल आणि अंत्यसंस्कार इथंच व्हायचे असतील तर एम्बामिंगची गरज नाही, शवागारातली शीतपेटी पुरते. विमानानं किंवा लांबच्या रेल्वेनं देह न्यायचा असेल तर ते लागतं, आणि त्यासोबत मृत्यूचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, एम्बामिंगचा आणि शवपेटीचा दाखला. परदेशी न्यायचं असेल तर त्या देशाच्या वकिलातीची परवानगीही. जितक्या लवकर आणाल तितका चेहरा चांगला राहील. सडायला लागलेल्या देहाला आमच्याकडे उपाय नाही. नेत्रदान करायचं असेल तर ते एम्बामिंगच्या आधी, शक्यतो सहा तासांच्या आत. आणि धमनीतून द्रव सोडला का, हे विचारायला लाजू नका. नुसतं वरवर पुसून, पोटात चार सुया टोचून दाखला देणारेही बाजारात असतात. पेटी दुसऱ्या राज्यात उघडते तेव्हा फसवणूक कळते, आणि त्या वेळी समोर आई असते.

देहदानाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. १९५६ साली पुण्याच्या पांडुरंग आपटे यांचा देह त्यांच्या इच्छापत्राप्रमाणे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. आपल्या देशातलं ते नोंदलेलं पहिलं देहदान मानतात. तोवर आणि नंतरही बरीच वर्षं आम्ही शिकलो ते मुख्यतः बेवारस देहांवर, १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमाच्या आधारानं. ज्यांना जिवंतपणी कुणी विचारलं नाही, त्यांनी मेल्यावर डॉक्टर घडवले. त्या देहांची निगाही याच मामा लोकांनी राखली.

माझी मागणी मोठी नाही. अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या राज्यांत या कामाला शिक्षण, उमेदवारी आणि राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे हे काम बघून बघून शिकावं लागतं. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत या कामाचा छोटा, प्रात्यक्षिकांचा अभ्यासक्रम सुरू व्हावा आणि तो पूर्ण करणाऱ्याला तंत्रज्ञाचं पद आणि तंत्रज्ञाचा पगार मिळावा. प्रत्येक जिल्ह्यात रात्रीसुद्धा हे काम होईल अशी एक जागा असावी, दर भिंतीवर लावलेले असावेत आणि मजुराच्या देहाचा खर्च ठेकेदाराकडून वसूल व्हावा. हवा बाहेर ओढणारा पंखा, मुखवटा, जाड हातमोजे, कावीळ-ब ची लस आणि दरवर्षी तपासणी, एवढं तर उद्यापासून करता येईल. आपल्यापैकी कुणी नगरसेवक असतील, जिल्हा परिषदेत असतील, रुग्णालयांच्या समित्यांवर असतील, वर्तमानपत्रांत लिहीत असतील. तुमच्या जिल्ह्याच्या शवागारात एकदा स्वतः जा, तो पंखा चालतो का ते पाहा, आणि चालत नसेल तर पुढच्या बैठकीत त्याविषयी बोला.