वरच्या हवेची निगा



आपल्या इस्पितळांत पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख टाकीवरच रंगाने लिहिलेली असते. केसपेपरच्या रांगेत सकाळपासून उभी असलेली माणसे मात्र जी हवा एकमेकांच्या छातीतून घेत असतात, तिची नोंद कुठल्याही वहीत नसते. या हवेतले जंतू निकामी करणारे एक साधन जगाला १९३०च्या दशकापासून ठाऊक आहे. ते म्हणजे खोलीच्या वरच्या भागात लावलेला अतिनील दिवा. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी नाही, आणि आहे तिथे कित्येकदा नुसता टांगलेला आहे. मला आज या टांगलेल्या दिव्याबद्दल बोलायचे आहे.

विल्यम फर्थ वेल्स डॉक्टर नव्हते. पाणी आणि खाण्याची कालवे निर्जंतुक करण्याच्या कामातून हार्वर्डला आलेले ते स्वच्छता अभियंता होते. खोकताना उडालेले मोठे थेंब जमिनीवर पडतात. बारीक थेंब मात्र पडण्याआधीच सुकतात आणि त्यांतले जंतू घेऊन हवेत तरंगत राहतात, हे त्यांनी १९३४ मध्ये मांडले. पाणी शुद्ध करता येते तर हवा का नाही, हा प्रश्न अशाच माणसाला पडणार. पत्नी डॉ. मिल्ड्रेड वेल्स यांच्यासह त्यांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांच्या वर्गांत डोक्यावरच्या उंचीवर अतिनील दिवे बसवले. १९४१ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली, तेव्हा दिव्यांच्या वर्गांत तो खूपच कमी पसरला.

पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण शाळांत आणि इंग्लंडमध्ये साउथॉलला तोच प्रयोग झाला, पण तसा फरक दिसला नाही, आणि दिवा निरुपयोगी असा निकाल अनेकांनी देऊन टाकला. त्या ग्रामीण शाळांतली मुले घरी जाताना एकाच बसमध्ये खेटून बसत होती आणि बसमध्ये दिवा नव्हता, या गोष्टीला त्या निकालात पुरेसे वजन मिळाले नाही. आपल्या व्यवसायाने हा प्रसंग कायम लक्षात ठेवावा असे मला वाटते. दिवा ज्या हवेपर्यंत पोहोचतो तेवढ्याच हवेची हमी तो देऊ शकतो. माणसाला लागण कुठे होते ते आधी शोधायचे आणि दिवा तिथे लावायचा.

वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी शंकेला फारशी जागा ठेवली नाही. बाल्टिमोरच्या एका माजी सैनिकांच्या इस्पितळात क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळीने वर नेऊन ती त्यांनी गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या प्राण्यांना क्षय झाला. मग हवा दोन वाटांनी नेली, आणि एका वाटेवर अतिनील दिवे लावले. त्या बाजूच्या एकाही प्राण्याला लागण झाली नाही. पण तोवर क्षयावर औषधे आली होती आणि हवेकडे बघण्याची निकड ओसरली. औषधांना दाद न देणारा क्षय पसरला, तेव्हाच हा प्रश्न पुन्हा वर आला. पेरूमधल्या लिमा शहरातल्या एका इस्पितळातल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या हवेतल्या ३५ टक्के गिनीपिगांना लागण झाली, दिव्यांच्या हवेत ९.५ टक्क्यांना. दक्षिण आफ्रिकेत २०१५ च्या अभ्यासात वरचे दिवे आणि हवा ढवळणारे पंखे एकत्र चालवले, तेव्हा लागण सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

या पंख्यांकडे आपण नीट बघितले पाहिजे. २५४ नॅनोमीटरचे किरण जंतूच्या डीएनएमध्ये नको ते जोड तयार करतात आणि त्याची वाढ थांबते. पण किरण आहेत छताजवळ आणि माणूस खोकतो खाली. खालची हवा वर गेली पाहिजे आणि वरची खाली आली पाहिजे. युरोपात हे काम वेगळ्या यंत्रणेवर सोपवावे लागते. आपल्या वॉर्डांत छताचा पंखा आधीपासूनच फिरतो आहे. जुन्या इमारतींची उंच छतेही आपल्याला अनुकूल आहेत. अडचण आहे ती पावसाळ्याची. हवेतली सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की किरणांचा परिणाम कमी होतो, आणि मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत ती जून ते सप्टेंबर बहुतेक काळ त्याहून वरच असते. कोरड्या हवामानासाठी काढलेला दिव्यांचा हिशेब इथे तसाच लावून चालणार नाही. कोकणात दिवे जास्त लागतील, आणि तो आकडा आपण इथल्या जुलैत मोजून काढायचा आहे.

आता देखभाल. या दिव्यातून जो निळसर उजेड दिसतो, तो जंतू मारत नाही. मारणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे नळी जुनी झाली, तिच्यावर धूळ बसली, तरी निळा उजेड चालू राहतो आणि सगळ्यांना वाटते की काम चालले आहे. सतत चालणारी नळी साधारण वर्षभरात बदलावी लागते. निविदा निघते दिव्यासाठी. नळी, फडके, मीटर आणि ते वापरणारा माणूस यांच्यासाठी निघत नाही. दिवा चुकीच्या उंचीवर किंवा उघडा बसवला, तर परिचारिकांचे डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, आणि कुणीतरी बटण बंद करते. त्यांचे बरोबरच असते. बटण का बंद झाले, हे विचारायला अभियंत्याने वॉर्डात जायला हवे होते.

करोनाच्या काळात हातात धरून फिरवायच्या अतिनील कांड्या आणि भाज्यांसाठीच्या पेट्या घरोघरी विकल्या गेल्या. हात निर्जंतुक करायला हे दिवे वापरू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेला सांगावे लागले. त्या बाजाराने या चांगल्या साधनाची पत घालवली, याचा मला राग आहे. २२२ नॅनोमीटरचे नवे दिवे माणसांच्या अंगावरही चालतील अशी आशा आहे, संशोधन जोरात सुरू आहे. पण त्यांची वाट बघत आजचे काम पुढे ढकलू नये.

एक मर्यादा सभागृहातल्या वास्तुरचनाकारांसमोर स्पष्ट सांगतो. मुंबईतल्या गोवंडीत पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही; तिथल्या क्षयाचा याच्याशी संबंध २०१८ मध्ये अभ्यासातून पुढे आला. अशा घरात दिवा नेऊन लावणे हा उपाय नव्हे. दोन इमारतींमधले अंतर नकाशातच वाढवले पाहिजे.

या परिषदेच्या उद्याच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. बाह्यरुग्ण विभागाची प्रतीक्षा जागा, क्ष-किरण विभागाबाहेरचा बाक, क्षयाच्या औषधांचे केंद्र आणि थुंकीचे नमुने घेण्याची जागा यांपासून सुरुवात करावी. प्रत्येक निविदेत पाच वर्षांची देखभाल, नळ्यांच्या पाऱ्याची विल्हेवाट, आणि दर तीन महिन्यांनी दोन मोजण्या असाव्यात: एक वर, किरण पुरेसे आहेत का, दुसरी डोळ्यांच्या उंचीवर, ते मर्यादेत आहेत का. दोन्ही आकडे, मोजणाऱ्याचे नाव आणि तारीख दिव्याखालच्या भिंतीवर, रांगेतल्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरात लिहावीत. आपण सर्वांनी त्यावर कसून चर्चा करावी, आणि कोकणातल्या सहकाऱ्यांनी ठरावातले आर्द्रतेचे कलम आज रात्रीच तपासून द्यावे, ही विनंती.